कुल्फीवाल्याचा माठ आणि मेणाचा ड्रायर

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमाराला कुल्फीवाला यायचा. ओलं लाल फडकं गुंडाळलेला माठ, आत बर्फाचा चुरा, त्यात खोचलेले पत्र्याचे निमुळते साचे आणि साच्यांच्या तोंडाला थापलेली कणीक. मधूनच तो पिशवीतून मूठभर खडेमीठ काढून बर्फावर टाकायचा. ‘मीठ कुल्फीत जात नाही, मग टाकता कशाला?’ असं मी एकदा विचारलं होतं. ‘मिठाशिवाय कुल्फी धरत नाही,’ एवढंच तो म्हणाला.

धरत नाही हे खरंच. साधा बर्फ वितळतो शून्य अंशावर, आणि साखर-दुधाचं आटवलेलं मिश्रण गोठायला लागतं शून्याच्या खाली. म्हणजे माठात कितीही बर्फ भरला तरी कुल्फी पातळच राहणार. मीठ पडलं की बर्फाचा वितळणबिंदू खाली सरकतो. बर्फ वितळायला लागतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो आजूबाजूने ओढून घेतो, आणि सगळा माठ थंड होत जातो. मिठाचं प्रमाण नीट जमलं तर उणे २१ अंशांपर्यंत.

आता याच माठाकडे जरा वेगळ्या नजरेने बघू. बर्फ तयार झाला भल्या पहाटे कुठल्या तरी कारखान्यात. तिथे वीज लागली, यंत्र चाललं. त्या थंडीचा उपयोग झाला दुपारी चारला, आमच्या गल्लीत, जिथे ना यंत्र ना वीज. मधले बारा तास थंडी माठात जपून ठेवलेली होती. उष्णतेची किंवा थंडीची साठवण म्हणजे एवढंच. रसायन अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांमध्ये आज यावर जे संशोधन चालतं, त्यातलं बरंचसं या माठाचं पुढचं शिक्षण आहे.

अन्नप्रक्रियेत याची एवढी गरज का पडते, तर वेळा जुळत नाहीत म्हणून. ऊन दहा ते चार. दूध येतं पहाटे आणि संध्याकाळी. भाज्या-फळांचं वाळवण चोवीस तास चालू राहिलं तर बरं, पण रात्री सूर्य नाही. वीज कधी स्वस्त, कधी महाग, आणि गावात कधी नसतेच. अन्न मात्र थांबत नाही, ते नासतं. म्हणून मिळेल तेव्हा उष्णता किंवा थंडी घ्यायची आणि लागेल तेव्हा काढायची.

साठवायची कशात? सगळ्यांत सोपा मार्ग आपण रोज वापरतो. जाड बिडाचा तवा गॅस बंद केल्यावरही एक भाकरी भाजून देतो. वस्तू तापवली, तिच्यात उष्णता भरली. गार होताना तिने ती परत दिली. पण यात एक अडचण आहे. उष्णता काढत जाऊ तसं तापमान उतरत जातं, आणि शेवटची भाकरी पांढरी राहते.

दुसरा मार्ग जास्त चलाख आहे. पदार्थ वितळताना तापमान न बदलता भरपूर उष्णता गिळतो आणि गोठताना ती तशीच परत देतो. शाळेच्या पुस्तकात याला ‘अप्रकट उष्मा’ म्हणतात. १७६०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक या प्राध्यापकाने हे मोजून दाखवलं. एक किलो बर्फ नुसता वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. बर्फात मात्र ती सगळी शिरली आणि थर्मामीटर शून्यावरच बसून राहिला.

अशा कामाला वापरल्या जाणाऱ्या पदार्थांना संशोधक ‘फेज चेंज मटेरियल’ म्हणतात, रोजच्या बोलण्यात पीसीएम. नाव परकं वाटलं तरी एक पीसीएम आपल्या प्रत्येकाच्या घरी असतं: खोबरेल तेल. ते साधारण २४ अंशांना वितळतं, म्हणून डिसेंबरात सकाळी बाटली उलटी करून काही उपयोग नसतो. याशिवाय पॅराफिन मेण, चरबीतली आम्लं, पाण्याचे रेणू धरून बसलेले क्षार अशी मोठी बिरादरी आहे. एरिथ्रिटॉल नावाची कमी उष्मांकाची साखरही त्यात आहे. ती ११८ अंशांच्या आसपास वितळते आणि बर्फाच्या तोडीची उष्णता धरते, त्यामुळे संध्याकाळी स्वयंपाक करता येईल अशा सौरचुलीसाठी तिच्यावर प्रयोग झाले आहेत. साठवणीची टाकी फुटून आतलं कालवणात सांडलं तरी चालेल, अशी ही.

बातम्यांमध्ये अशा पदार्थांचं कौतुक होतं ते ‘किती उष्णता साठते’ यावर. माझ्या मते हा तिघांतला सगळ्यांत सोपा प्रश्न. खरे कस लावणारे दोन पुढे आहेत: किती अंशावर, आणि किती वेगाने.

अंशांचं आधी. हापूस थंड ठेवायचा म्हणून कोणी पेटीत बर्फाच्या थैल्या कोंबल्या तर आंबा टिकणार नाही, बिघडेल. बारा-तेरा अंशांच्या बराच खाली फार काळ राहिला की त्याच्या पेशींना इजा होते. साल काळवंडते, आत नीट पिकत नाही. केळ्याचंही तसंच. दुधाला मात्र ४ अंश हवेत आणि आइस्क्रीमला शून्याच्या बरंच खाली. थंडी किती साठली याला इथे अर्थ नाही. ज्या अंशावर ती बाहेर येते तो अंश मालाला मानवला पाहिजे.

मग हव्या त्या अंशाला वितळणारा पदार्थ आणायचा कुठून? उत्तर कुल्फीवाल्याच्या मुठीत आहे. दोन पदार्थ योग्य प्रमाणात मिसळले की मिश्रण दोघांपेक्षाही खालच्या तापमानाला वितळतं. खोबरेल तेलातच सापडणारी दोन आम्लं घ्या. कॅप्रिक आम्ल वितळतं ३१-३२ अंशांना आणि लॉरिक ४३-४४ ला. दोघांचं नेमकं मिश्रण विसाच्या आसपास वितळतं. मीठ आणि बर्फाचा खेळच हा, फक्त वरच्या मजल्यावर. आइस्क्रीम पोचवणाऱ्या कित्येक गाड्यांच्या भिंतीत क्षाराच्या द्रावणाने भरलेल्या पाट्या असतात. रात्री गाडी उभी असताना विजेवर त्या गोठवतात आणि दिवसभर गाडी त्यांच्यावर निभावते. चाकं लावलेला माठच तो.

आता वेगाचा प्रश्न. यात भल्याभल्यांचे प्रबंध अडकलेले आहेत.

थिजलेल्या खोबरेल तेलाची बाटली गरम पाण्यात उभी करा. कडेचं तेल पटकन पातळ होतं, पण मधला पांढरा गोळा तसाच तरंगत राहतो. आता उलट विचार करा. टाकीत पातळ गरम मेण आहे आणि मधून जाणाऱ्या नळीतल्या हवेला त्याने उष्णता द्यायची आहे. आधी गोठणार ते नळीला चिकटलेलं मेण. आणि गोठलेलं मेण उष्णतेचं अत्यंत कंजूष वाहक आहे. ॲल्युमिनियमशी तुलना केली तर हजारपटीने कमी. म्हणजे साठवणीचा माल स्वतःच दारात कडी लावून बसतो. आत उष्णता भरपूर आहे, पण बाहेर यायला वाट नाही. त्यात हा थर जाड होत जाईल तसा वेगही मंदावतो; दुप्पट जाडी गोठायला दुप्पट नव्हे, साधारण चौपट वेळ लागतो.

उपाय आहेत आणि सगळे एकाच जातीचे: मेणाला जाड होऊच द्यायचं नाही. नळ्यांना ॲल्युमिनियमचे पंख लावा, मेण छोट्या छोट्या गोळ्यांत भरा, त्यात ग्रॅफाइट मिसळा. प्रत्येक उपायात धातू किंवा कार्बन वाढतो, मेणाची जागा कमी होते, खर्च चढतो. उष्णता ‘किती’ आणि ‘किती वेगाने’ यांची ही ओढाताण सोडवणं हे रसायन अभियंत्याचं रोजचं काम. नवा चमत्कारी पदार्थ शोधण्यापेक्षा नळीची जाडी आणि पंखांमधलं अंतर ठरवण्यातच जास्त डोकं जातं.

दुधाचं उदाहरण घेऊन हिशोबच करू. गावातल्या संकलन केंद्रावर सकाळी १००० लिटर दूध आलं. धारोष्ण दूध ३५ अंशांचं धरू. ते ४ अंशांवर आणायचं तर जवळपास १,२५,००० किलोज्यूल उष्णता काढायला हवी, म्हणजे साधारण ३५ युनिट. आणि ही काढायची झटपट, कारण कोमट दुधात जिवाणू बसून राहत नाहीत. थेट यंत्राने थंड करायचं तर मोठा कॉम्प्रेसर हवा, जो दिवसातून दोनदा दोन-तीन तास धावणार आणि उरलेला वेळ नुसता उभा राहणार. शिवाय नेमकी तेव्हा वीज गेली की डिझेल जनरेटर.

त्याऐवजी छोटा कॉम्प्रेसर दिवसभर हळूहळू बर्फ करत राहिला तर? हिशोबाने पावणेचारशे किलो बर्फ पुरतो. नुसतं थंड पाणी साठवून तेच करायचं म्हटलं आणि पाणी २ वरून १२ अंशांपर्यंत चढू दिलं, तर तीन टन पाणी लागेल. डेअरीवाल्यांच्या भाषेत ही ‘आइस बँक’. पाण्याच्या टाकीत नळ्यांची वेटोळी, त्यांच्यावर बर्फाचा थर, आणि दूध आलं की बर्फाभोवतीचं गारेगार पाणी प्लेटच्या यंत्रातून फिरवायचं, म्हणजे पातळ पत्र्याच्या एका बाजूने पाणी आणि दुसऱ्या बाजूने दूध. मेणाचा रोग इथेही आहेच. नळीवर बर्फ जाड झाला की पुढचा बर्फ धरायला कॉम्प्रेसरला आणखी थंड व्हावं लागतं आणि त्याची वीज वाढते. म्हणून बर्फाच्या जाडीला मर्यादा घालतात. बोस्टनमध्ये सुरू होऊन पुण्यात स्थिरावलेल्या प्रोमेथियन पॉवर सिस्टिम्स या कंपनीने हीच कल्पना ‘थर्मल बॅटरी’ म्हणून खेड्यातल्या दूध केंद्रांपर्यंत नेली. वीज असेल तेव्हा बॅटरी गोठवायची आणि दूध येईल तेव्हा जनरेटरशिवाय थंड करायचं.

इथे एक गंमत घडते आहे. वर्षानुवर्षं आइस बँकेचा सल्ला असा असायचा की बर्फ रात्री करा, तेव्हा वीज स्वस्त असते. आता सौर वीज दुपारी मुबलक झाली. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत बदल केला. त्यानुसार १० किलोवॅटपेक्षा जास्त मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर आले, आणि उन्हाच्या तासांतला दर नेहमीपेक्षा कमी ठेवायचा ठरला. साठवणीचं यंत्र तेच, नळ्या त्याच. बर्फ करायची वेळ मात्र मध्यरात्रीवरून भर दुपारकडे सरकू लागली. लिथियमच्या बॅटरीचा गाजावाजा चालू असताना बर्फाची ही बॅटरी कोपऱ्यात मुकाट काम करते आहे.

थंडीनंतर आता वाळवण. सांगली-तासगावकडे बेदाण्याच्या शेड पाहिल्या असतील तर तिथला व्यवहार लक्षात येईल. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’च्या पाण्यात बुडवतात, कारण द्राक्षाच्या सालीवरचा मेणचट थर पाणी बाहेर सोडत नाही. मग जाळ्यांवर सावलीत पसरून कोरड्या वाऱ्याच्या भरवशावर आठवडा-दोन आठवडे ठेवतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. उरलेलं तीन किलो पाणी हवेत जातं. पाण्याची वाफ करणं हे भयंकर खाऊ काम आहे. एका किलोला सुमारे २४०० किलोज्यूल, बर्फ वितळवण्याच्या सातपट. म्हणजे एका किलो बेदाण्यामागे निसर्ग किमान दोन युनिट उष्णता फुकट देतो. अवकाळी आली की हेच फुकटचं खातं बंद होतं आणि माल काळा पडतो.

सौर ड्रायर या कामाला पुढे आले. मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), म्हणजे १९३३ साली विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या आणि जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘यूडीसीटी’ असलेल्या संस्थेत, वाळवणावर पुष्कळ काम झालं आहे. तिथल्याच विद्यार्थ्यांनी उभ्या केलेल्या एस४एस टेक्नॉलॉजीज या कंपनीचे सौर ड्रायर ग्रामीण महिला वापरतात आणि कंपनीला २०२३ मध्ये पर्यावरणासाठीचा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. पण कुठल्याही सौर ड्रायरपुढे सूर्य मावळल्यावर एकच प्रश्न असतो. रात्री हवा गार होते, तिची पाणी धरायची ताकद घटते, आणि अर्धवट वाळलेले आल्याचे-कांद्याचे काप उलट ओलावा ओढून घेतात. दिवसाची कमाई रात्री जाते.

उपाय म्हणजे रात्रीची हवा थोडी तापवायची. फार नको. २० अंशांची, ८० टक्के दमट हवा नुसती ३० अंशांवर नेली तरी तिची आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आत येते. आणि कमी-जास्त आचेपेक्षा मंद, एकसारखी आच वाळवणाला मानवते. दुपारी ड्रायर फार तापला तर कापांची वरची साल आधीच आवळून कडक होते आणि आतलं पाणी आतच कोंडतं. वरून वाळलेलं वाटतं, डब्यात भरलं की आठ दिवसांत बुरशी. ५०-६० अंशांना वितळणारं मेण इथे दुहेरी काम करतं. दुपारची जादा उष्णता गिळून ते आच आवरतं, आणि रात्री तीच उष्णता परत देतं.

ऐकायला छान. आता मेण किती लागेल? समजा रात्री पाच तास, तासाला एक किलो पाणी काढायचं. वाफेसाठी १२,००० किलोज्यूल. पण ड्रायरमध्ये शिरलेली सगळी उष्णता पाण्याला मिळत नाही. चाळीस टक्के मिळाली असं धरलं तर ३०,००० लागतील. किलोभर मेण वितळताना सुमारे २०० किलोज्यूल धरतं. म्हणजे दीडशे किलो मेण, पाच किलो पाण्यासाठी! लहान शेतकऱ्याला हा आकडा सांगताना माझीच जीभ अडखळेल.

म्हणूनच मला दगडांची बाजू घ्यावीशी वाटते. काळ्या पाषाणाची खडी महाराष्ट्रात कुठेही मिळते. ती वितळत नाही, पेटत नाही, गळत नाही. हवा थेट खड्यांच्या फटीतून जाते, त्यामुळे वेगाची कटकटही नाही. २० अंशांच्या चढउतारात एक किलो खडी जेमतेम १७ किलोज्यूल धरते, म्हणजे त्याच कामाला पावणेदोन टन खडी. पण पावणेदोन टन खडी म्हणजे ट्रॉलीभरही नाही. जागा असेल तिथे दगड, जागा नसेल किंवा नेमकं तापमान हवं असेल तिथे मेण. हे उत्तर शोधनिबंधात शोभत नाही, शेतात शोभतं.

पाण्यालाही कमी लेखू नये. लातूरच्या महानंद डेअरीत आयआयटी मुंबईच्या शिरीष केदारे यांच्या संशोधनातून घडलेली ‘अरुण’ ही सुमारे १६० चौरस मीटरची सौर तबकडी दुधाच्या पाश्चरीकरणासाठी बसवली गेली. दूध ७२ अंशांना १५ सेकंद ठेवायचं आणि लगेच गार करायचं, असं हे काम. तिथे उष्णता साठवली ती दाबाखालच्या पाण्यात. दाब असला की पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. असं पाणी १५० वरून ९० अंशांपर्यंत उतरू दिलं तर किलोमागे अडीचशे किलोज्यूल देतं, मेण वितळताना धरतं त्याहून जास्त. अर्थात टाकी दाब सोसणारी हवी, तिला राखणारा माणूस हवा. डेअरीत बॉयलर असतोच, त्यामुळे तिथे ते जमतं. बचत गटाच्या शेडमध्ये जमणार नाही.

क्षारांच्या वाटेला गेलेल्यांची एक जुनी गोष्ट आहे. १९४८ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर गावी मारिया टेल्केस या मूळ हंगेरीच्या शास्त्रज्ञ बाईंनी फक्त उन्हावर तापणारं घर उभारलं. रचना एलिनॉर रेमंड यांची, पैसा अमेलिया पीबॉडी यांचा, तिघीही बायका. भिंतींमध्ये ग्लॉबर क्षाराचे पिंप होते. हा क्षार ३२ अंशांना वितळतो, स्वस्त असतो, उष्णताही भरपूर धरतो. पहिले हिवाळे निभावले, तिसऱ्यात घर गारठलं. वितळताना क्षाराचा एक भाग पाणी सोडून तळाशी बसायचा. पुन्हा गोठताना तळचा क्षार आणि वरचं पाणी नीट भेटायचे नाहीत, आणि दर फेरीला साठवण थोडी थोडी घटत गेली.

हा दोष प्रयोगशाळेत सहज नजरेतून सुटू शकतो. नव्या पदार्थाची पहिली चाचणी पाच-दहा मिलिग्रॅमवर होते, तिळाच्या दोन-चार दाण्यांएवढ्या नमुन्यावर. एवढ्याशा थेंबाला तळ आणि वर असं काही नसतंच, त्यामुळे क्षार खाली बसलेला दिसत नाही. उलट तेवढासा थेंब गोठायला जास्त आढेवेढे घेतो, आणि चांगला पदार्थ उगाच नापास होतो. म्हणून पुढची पायरी कंटाळवाणी असते: पिंपाच्या उंचीचा नमुना घ्यायचा, शेजारी एक गरम आणि एक थंड पाण्याची टाकी ठेवायची, आणि नमुना यातून त्यात, त्यातून यात फिरवत राहायचं. वर्षाला उन्हाचे ३०० दिवस धरले तर दहा वर्षांच्या ड्रायरला ३००० फेऱ्या. एका फेरीला एक तास लागला तर रात्रंदिवस चालवूनही हे चार महिने चालतं.